देव फळीवर चढले

घर नवं करायला काढलं की माणसं पहिल्यांदा पुढची भिंत रंगवतात. ही माझ्या माहेरची रीत, आणि आता बघते तर सगळीकडचीच. माझ्या काकाने आमच्या घराचं काम काढलं तेव्हा आधी ओटा झाला, ओट्यावर लाल कोबा घोटला, मग पुढच्या दाराला पोपटी रंग, मग खिडकीला लोखंडी जाळी आणि त्या जाळीत दोन मोर. मागे चुलीकडचं कूड तसंच राहिलं, शेणाने लिंपलेलं, पावसाळ्यात त्यातून गांडुळं निघायची आणि भाकरीच्या परातीशेजारी वळवळायची. काकाचं म्हणणं, पैसा थोडा हाय, जेवढा लोकांना दिसतो तेवढा आधी करू. मागचं कोण बघतो. मागचं आम्ही बघायचो. आम्ही म्हणजे बायका, आणि बायका काही लोकांत मोडत नव्हत्या.

आमचं गाव डोंबिवलीच्या खाडीच्या अंगाला. घर एकच, त्यात दोन भावांची बिऱ्हाडं. काका मोठा, म्हणून घरातलं बोलणं त्याचं. माझे बाबा धाकटे, ते खाडीत बुडी मारून रेती काढायचे. बांबू धरून खाली जायचं, तळाला बादली भरायची, वर यायचं, होडीत ओतायची, की परत खाली. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा डोळे लाल झालेले आणि अंगाला चिखलाचा वास, साबणाने न जाणारा. कानात पाणी जाऊन जाऊन त्यांचा डावा कान गेलेला. काका बोलायला लागला की बाबा त्याच्याकडे डावा कान करून बसायचे. मला आधी वाटायचं की हे आपोआप होतं. मधल्या खोलीत कोपऱ्याला भुईवर एक पाट होता, त्याच्यावर आमचे देव, चांदीचे टाक, काळे पडलेले. त्यांच्यापुढे सकाळ-संध्याकाळ काकाच हात जोडायचा, मोठ्याने, म्हणजे ओट्यावर बसलेल्यांना ऐकू जाईल.

संडास गावात कोणाकडेच नव्हता. पुरुष कधीही कुठेही जायचे. बायकांनी उजाडायच्या आत, नाहीतर दिवेलागणीनंतर, हातात टमरेल घेऊन खाडीच्या बांधावर. ओहोटी असली तर खाली चिखलात उतरायचं, भरती असली तर चिखल पाण्याखाली, मग सगळ्याजणी बांधावरच ओळीने. कोणी पुरुष वाटेने आला की उभं राहायचं, तो गेला की बसायचं. काही मुद्दामच यायचे, खोकत खोकत. डुकरं तर माणसाची वाटच बघत नसत, मागून ढुशी मारायची. वास सांगत नाही. हे वाचणारे जेवणाआधी वाचतील की जेवणानंतर, मला काय माहीत.

त्या चिखलात माझी आई पडली. पाय सरकला आणि ती दगडावर खुब्यावर आपटली. दोन बायकांनी उचलून आणली तेव्हा तिच्या लुगड्याला चिखल नुसता खाडीचा नव्हता, आणि ती रडत होती ती दुखतंय म्हणून नाही, त्याच्यासाठी. हाड बसवणाऱ्याने हाड बसवलं, पण तो पाय आखूड राहिला. काठी आली. शाळा माझी चौथीतच सुटलेली, त्यामुळे आईचं करायला मी होतेच. बांधापर्यंत तिला जमेना. मग घराच्या मागे, कुडाला लागून गोणपाट बांधलं, त्याच्या आड घमेलं, घमेल्यात राख. ते घमेलं उचलून खाडीत टाकायचं काम माझं. मी तेव्हा चौदा-पंधराची. वाटेत पोरं नाक धरून बोलायची, "आली रे, आली आत्तराची बाटली." मी बघायचे नाही. हात आखडून घमेलं अंगापासून लांब धरायचं, तोंडाने श्वास घ्यायचा, परत येताना ओट्यावरून यायचं नाही, कारण ओट्यावर कोबा.

आईने त्याच्यावर एक उपाय काढला. संध्याकाळचं जेवायचंच सोडून दिलं. "रातचा खाल्ला का पहाटे जावा लागतं, बाये," मला बोलली. "तू तरी किती उचलशील." दुपारी भाकरी आणि सुक्या जवल्याची चटणी एवढंच खायची, पाणी मोजून प्यायची. संध्याकाळी आम्ही भात आणि बोंबलाचं कालवण जेवायला बसलो की ती दाराकडे तोंड करून बसायची, वाढून झालं की उठायची. लोकांना सांगायची, मला रात्रीचं पचत नाही. कालवणाचा वास आला की तिच्या गळ्याची घाटी हलायची, ती मला दिसायची. बाबांना दिसत होती का, माहीत नाही. ते ताटात बघून जेवायचे.

एकदा, एकदाच, बाबा काकाला बोलले, मागे एक संडास बांधू का, हिच्यासाठी. मी तिथेच भांडी घासत होते. काका तंबाखू मळत होता. "घरान देव हाय आन घरान हागाचा?" बोलला. "तुना लाज वाटते का नाय? आपले बापाने कवा बांधला? बाटवाचा हाय काय घर?" आणि ओट्याच्या कडेवरून खाली पचकन थुंकला. ती तंबाखूची लाल पिचकारी नव्या कोब्याच्या कडेला लागली, ती पण मीच धुतली. आई आत होती. जेठासमोर ती बोलायची नाही, पदर पुढे ओढून उभी राहायची. काकाला तिला काही सांगायचं झालं तर तो मला सांगायचा, "तुझे आयशीला सांग", आणि आई मला सांगायची, "काकाला सांग". तिघं एकाच खोलीत असायचो, हाताच्या अंतरावर. त्या दिवशी मात्र कोणी मला काही सांगायला लावलं नाही.

मग काकाच्या पोराचं, जनूदादाचं लग्न जमायला लागलं. पोरगी वर्तकनगरची. तिचा बाप कारखान्यात, राहायला कॉलनीत, पक्क्या बिल्डिंगीत. ती माणसं घर बघायला आली. ओटा बघितला, मोर बघितले, पोपटी दार बघितलं, काका खूश. चहा झाला आणि पोरीची आई काकीला हळूच बोलली, "ताई, जरा जाऊन यायचं होतं." काकीने माझ्याकडे बघितलं. मी टमरेल भरून तिच्या हातात दिलं आणि बांधाकडे चालायला लागले. अर्ध्या वाटेत मागे वळून बघते तर ती बाई रुमाल नाकाला लावून उभी. टमरेल तिने खाली ठेवलेलं. "नको, नको," बोलली, "मी घरी जाऊन जाईन." आणि ती माझ्याबरोबर परत आली, पाय आवळत. चार दिवसांनी निरोप आला, पोरगा पसंत आहे, घरात संडास बांधा, मग सुपारी फोडू.

काकाने एवढासुद्धा विचार केला नाही. तोच तंबाखू, तोच ओटा. "बांधू ना," बोलला. "आज ना उद्या बांधाचाच होता." मी आईकडे बघितलं. आई तांदूळ निवडत होती. तिने एक खडा उचलून दारातून बाहेर फेकला, बाकी काही नाही. मला तेव्हा जी किळस आली ती घमेल्याची कधी आली नव्हती. आता या वयात सांगते, घाणीची सवय होते माणसाला. असल्या बोलण्याची होत नाही.

पैसे उरले नव्हते, ते पुढच्या भिंतीला गेलेले. म्हणून विटा आणल्या शीळफाट्याच्या भट्टीवरून, टेम्पोतल्या तळाच्या, अर्ध्या-मुर्ध्या. रेती घरची, त्याला काय पैसे. भांडं मात्र काकाने कल्याणहून आणलं, मोडलेल्या घरांचं सामान विकतात तिथून, जुनं. "सायबाचे बंगल्यातला हाय," सगळ्यांना सांगत होता. साहेबाचं होतं की नाही देवाला ठाऊक, पण कोणीतरी ते बरीच वर्षं वापरलेलं होतं आणि त्याने धुतलेलं नव्हतं. आत पिवळे-काळे थर, खडकाला कालवं धरतात तसे. काका ते अंगणात टाकून हात झटकून गेला. मी राख आणि नारळाच्या शेंड्या घेऊन बसले, मग विटेचा तुकडा, मग मिस्त्रीने दिलेलं ॲसिड. धूर निघाला, डोळे झोंबले. कोणा परक्या माणसाचं मी खरवडत बसलेय, तोही कुठे मरून गेला असेल, असं मनात यायचं. शेवटी ते पांढरं झालं. आई काठी टेकत आली, वाकून बघितलं, बोलली, "परात झाली अगदी." आम्ही दोघी हसलो. त्या घरात आम्ही जास्त हसलेलो नाही, म्हणून लक्षात आहे.

जागा ठरली मागच्या पडवीत, म्हणजे मधल्या खोलीला लागूनच. मिस्त्री बोलला, "शेठ, तीन पायऱ्या वर घ्या. खाडी जवल हाय." काकाने देवाच्या पाटाकडे बोट दाखवलं. "आन मंग माणूस बसंल देवाचे वर? देव खाली आन संडास वर? डोका ठिकानावर हाय ना तुझा?" मिस्त्रीला काय, त्याचा रोज चुकत नव्हता. पण काकाचं समाधान होईना. त्याने प्लास्टिकची नळी आणवली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक देवाच्या पाटाला धरलं, दुसरं पडवीत, आणि भांडं पाटाच्या एक बोट खाली बसवून घेतलं. देवाचा मान राखला. सगळ्या गावाला ते सांगत फिरला.

खड्डा खोदला तो होळी झाल्यावर, अष्टमीच्या सुमाराला. तेव्हा भांग असतो, भरती वर चढत नाही. खड्डा कोरडा ठणठणीत निघाला. बाजूने विटा रचल्या, तळ मोकळा सोडला, वर लादी टाकली. आता बघा, आम्ही खाडीची माणसं. अमावस्या-पुनवेला उधाण असतं, भरती किती वाजता येणार, हे आम्हाला कॅलेंडरात बघावं लागत नाही, झोपेत विचारलं तरी सांगू. बाबा तर त्याच्यावरच पोट भरायचे. पण खाडीचं पाणी खाडीत आणि घर घरात, असंच आम्ही धरून चाललेलो. होडी बांधताना ज्याने दोरी किती सैल सोडायची ते नीट बघितलं असतं, त्याने घराच्या पोटात खड्डा खणताना बघितलं नाही. मी पण नाही, आई पण नाही.

काकाने दाराला कुलूप लावलं. चैत्री पुनवेला घराची सत्यनारायणाची पूजा आणि सुपारी दोन्ही एकाच दिवशी उरकायची होती, म्हणजे जेवण एकदाच घालावं लागेल. तोपर्यंत कोणी आत जायचं नाही. किल्ली त्याच्या करगोट्याला. "तुझे आयशीला सांग," मला बोलला, "पावने वापरतील पयले, मंग घरची." आई पुढचे सगळे दिवस त्या बंद दारासमोरून काठी टेकत मागे जायची, गोणपाटाच्या आड. अमावस्येला दुपारी मी पडवी झाडत होते आणि दाराच्या आतून आवाज आला, गुडगुड, गुडगुड. मी काकाला सांगितलं. तो बोलला, "नवा हाय ना, पोट साफ करतंय." ओट्यावरचे सगळे हसले.

पुनवेला वर्तकनगरची माणसं सकाळीच आली, चांगली जीपभर. दार उघडलं. एकेक जण जाऊन आला, बायका खूश, काका किल्ली बोटावर फिरवत उभा, जसं काय तिकीट लावलंय. भटजींनी पोथी वाचली, आरती झाली, शिऱ्याचा प्रसाद वाटला. मधल्या खोलीत पंगत मांडली, पत्रावळीवर पुरी, वाटाण्याची उसळ, भात. दुपारचे दीड-दोन झाले असतील. व्याही बोलले, हात धुवायच्या आधी जरा जाऊन येतो, आणि आत गेले. आतून कडी लागली.

पुनवेची भरती तेव्हाच चढते. आधी आवाज आला, तोच, गुडगुड, पण मोठा, म्हशीच्या पोटातून यावा तसा. मग आतून व्याही बोलले, "अहो. अहो, कोणी आहे का?" मग कडी खडखडली, ती घाईत निघेना. दाराच्या खालून पाणी आलं. काळं पाणी, खाडीचा चिखल, आणि सकाळपासून जी जी माणसं खूश होऊन आलेली, त्यांचं सगळं. दार उघडलं तर व्याही पँट गुडघ्यापर्यंत वर धरून, एक चप्पल पायात आणि दुसरी त्यांच्या पुढे तरंगत. पडवीला उतार होता मधल्या खोलीकडे, काकाने नळी नुसती पाटाला लावलेली, भुईला नाही. पाणी तिकडे गेलं. पंगत उठायच्या आत पहिल्या पत्रावळी भिजल्या. एका पोराने पुरी वर धरलेली आणि तो खाली बघत होता. भटजी उडी मारून चौरंगावर चढले. आणि पाणी कोपऱ्यात गेलं, देवाच्या पाटाला लागलं, आणि एक बोट वर राखलेल्या त्या पाटाच्या खाली शिरून थांबलं. बाबा पाण्याकडे बघत उभे होते. "उधाण," एवढंच बोलले.

पाहुण्यांनी विहिरीवर पाय धुतले, साबण मागितला, परत धुतले. जाताना पोरीची आई काकीला बोलली, "आमची पोरगी बांधावर जाणार नाही, एवढं बघा. बाकी तुमचं तुम्ही." ओहोटी लागल्यावर घर धुतलं कोणी, तर मी आणि आईने. आई काठी टाकून भुईवर बसली आणि सरकत सरकत फडक्याने पुसत गेली, घमेल्यात पिळत. मी झाडू मारत होते. भात आणि ते, एकात एक. अजून मला मोकळ्या भाताचं ताट भुईवर मांडलेलं बघवत नाही. काका ओट्यावर बसून मोठ्याने बोलत होता. देवाला मान्य नाय. म्हणून बोलत व्हतो, घरान घाण नको. उद्याच खड्डा बुजवाचा. पोरी काय, छप्पन्न हायेत, खाडीची सवय असलेली बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चिंच भिजवली. पाट घाणीत भिजला म्हटल्यावर टाक उजळायलाच पाहिजेत, आणि ते काम दरवर्षी तिचंच. काकाला त्यात काही बोलायला जागा नव्हती. तिने एकेक टाक चिंचेने घासला, धुतला, पुसून फडक्यावर ठेवला. मग बाबांना हाक मारली आणि त्यांच्या उजव्या कानाशी काहीतरी बोलली. बाबा बाहेर गेले. आले ते जुन्या होडीची फळी घेऊन, सागवानी, वर्षानुवर्षं पाण्याने गुळगुळीत झालेली. मधल्या खोलीत, माझा हात जेमतेम पोचेल अशा उंचीवर, त्यांनी ती खुंट्या मारून बसवली. मी आईला धरून चौरंगावर उभी केली. तिने टाक वर मांडले, हळद-कुंकू वाहिलं, दिवा लावला, नारळ फोडला. मग खाली उतरून पदर पुढे ओढला.

ठोकाठोक ऐकून काका आत आला. खालचा कोपरा रिकामा. वर बघितलं.

"हा काय?" मला बोलला. "तुझे आयशीला विचार, कोनाला विचारून केला?"

"काकाला सांग," आई बोलली, "देव पान्यान बसाला नको म्हनून वर घेतला."

"तिला सांग, देव खाली घे."

आईने वर दिव्याकडे बघितलं. दिवा नीट जळत होता. "काकाला सांग," बोलली, "मी बाईमाणूस, मी वर चढवला. आता दिवा लागला, नारल फुटला. त्याला खाली उतरवाचा त्याने उतरवावा. भरल्या घरान देव खाली उतरवला का काय होतं, ता त्याला म्हाईत हाय."

मी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. काकाने हात वर केला, टाकापर्यंत नेला आणि परत आणला. दारात काकी उभी होती, जनूदादा उभा होता. बाबांनी पहिल्यांदा त्याच्याकडे उजवा कान केलेला मी बघितला. "आता संडास वर घेता येल, भाऊ," ते बोलले. "देवाचे खालीच राहील तो."

काका ओट्यावर जाऊन बसला. खड्डा बुजवला नाही.

भराव विकत आणायला पैसा नव्हता. मी जुन्या घराचंच सगळं गोळा केलं, फुटकी कौलं, कुडाची माती, चुलीचे दगड, अंगणात पडलेली खापरं. घमेल्याने वाहिलं. तेच घमेलं, दुसरं कुठलं. मिस्त्री हसत हसत आला, भांडं उपटलं आणि तीन पायऱ्या वर बसवलं. आईला तीन पायऱ्या म्हणजे डोंगर. म्हणून बाबांनी भिंतीला एक मोडकं वल्हं आडवं ठोकलं, धरायला. पुढच्या अमावस्येला गुडगुड झाली, आम्ही सगळे दाराबाहेर उभे राहून ऐकत होतो, पाणी खड्ड्यात चढलं आणि तिथेच थांबलं.

वर्तकनगरची पोरगी सून म्हणून आली. काका पुढे सगळ्यांना सांगायचा, गावात पहिला संडास माझा. मी कधी खोडून काढलं नाही. तो मेला तेव्हासुद्धा लोकांनी ओट्यावर बसून तेच सांगितलं, आणि मग मागे जाऊन आले. आता माझ्या पोराच्या ब्लॉकमध्ये दोन संडास आहेत, एकाच्या टाइल्सवर गुलाबाची फुलं. परवा सून विचारत होती, आई, त्या बदलून ग्रे घेऊ का, हल्ली तेच चालतं. मी बोलले, घे. मला त्यातलं फक्त कडी नीट बसते का तेवढं बघायचं असतं.

पहिल्या दिवशी आई चढली ती मी मागे उभी राहून बघितली. काठी खाली ठेवली, वल्हं धरलं, एक पाय, मग आखूड पाय, थांबली, परत एक. आत गेली. दार लोटलं. कडी लावायला तिला वेळ लागला, कारण तिने जन्मात कधी लावलेली नव्हती. मग लागली. आत ती खूप वेळ होती. मी जरा घाबरले, हाक मारली, तर आतून बोलली, "कोन नाय ना आला? मंग बसू दे मना."

त्या संध्याकाळी जवल्याचं कालवण होतं. मी सगळ्यांना वाढलं, बाबांना, काकाला, जनूदादाला. आई नेहमीसारखी दाराकडे तोंड करून बसलेली. मग ती वळली, ताट पुढे ओढलं आणि मला बोलली, "भात वाढ, बाये. आन अजून थोडा वाढ."